अर्धा सेकंद कोरा

उर्मिला : सुचित्रा, भिंत! डावीकडे भिंत आहे!

सुचित्रा : मी नाय घेत डावीकडे, मॅडम! घट्ट धरा...

उर्मिला : अगं थांबव!

सुचित्रा : थांबवली. ब्रेक लागला. लागलं का तुम्हाला? डोकं आपटलं?

उर्मिला : डोकं नाही. खांदा दाराला लागला. हात वर जातोय, म्हणजे हाड शाबूत आहे. तू?

सुचित्रा : मी ठीक. मॅडम, हे बघा. माझे हात बघा जरा. मी पूर्ण उजवीकडे घेतलंय आणि गाडीचं तोंड डावीकडे भिंतीत. आता हे उजवीकडे, हे डावीकडे. बंद टेबलफॅनचं पातं बोटानं फिरवावं तसं फिरतंय. वजनच नाय त्याला.

उर्मिला : बंद करून परत चालू कर ना.

सुचित्रा : काय बंद करू? सगळं बंदच झालंय. स्क्रीन काळी, एसी गेला, काचेचं बटण मेलं.

उर्मिला : मग उतरू या. चालत जाऊ खाली, सावकाश.

सुचित्रा : दार उघडतं चार बोटं. पुढं भिंत. ह्या बिल्डरनं रॅम्प असला अरुंद करून ठेवलाय, गाडी सरळ असली तरी दोन्हीकडून वीतभर जागा. आपण तर तिरक्या अडकलोय. तुमचं बघा.

उर्मिला : माझंही तेवढंच. हात जाईल, माणूस नाही जाणार. डिकीतून?

सुचित्रा : आतनं एक खटका असतो, तो ओढला की उघडते. पण सीटवरनं चढून मागं जायला हवं. तुमचे दोन्ही गुडघे नवीन. आणि मला पाय काढता येत नाय.

उर्मिला : अडकला का पाय?

सुचित्रा : ब्रेकवर आहे. पार्किंगचा ब्रेक बटणाचा. तो लागला का नाय ते स्क्रीन सांगणार, आणि स्क्रीन मेली. पुढं उतार आहे, मागं तुम्ही आहात. चान्स नाय घेणार मी. ह्या गाडीत खरा म्हणावा असा हा एक ब्रेकच राहिलाय. पाइप आहे, तेल आहे, दाबला की पायाला कळतं खाली काहीतरी दबलं.

उर्मिला : यतीनला लावते. घरीच आहे वर. थांब, स्पीकरवर टाकते... यतीन?

यतीन : (फोनवर) निघालात ना? तुम्ही व्हा पुढे, मी एक कॉल संपवून टॅक्सीने डायरेक्ट पोलीस चौकीवर येतो. जबाबाचा कागद घेतलास?

उर्मिला : घेतलाय. आम्ही अजून रॅम्पवरच आहोत. पार्किंगच्या चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. गाडी भिंतीत गेलीय. स्टिअरिंग चालत नाही.

यतीन : काय? लागलं नाही ना? आई, स्पीकर बंद कर.

उर्मिला : सुचित्रासमोरच बोल. तिचा पाय ब्रेकवर आहे, आम्ही दोघी आत कोंडलोय.

यतीन : मला एवढंच सांग, आधी पिवळा मेसेज आला होता?

सुचित्रा : नाय सर. डायरेक्ट काळी स्क्रीन.

यतीन : ...ओके. कशालाही हात लावू नका. मी लॅपटॉप घेऊन येतो. आणि आई, प्लीज, कुणाला फोन करू नकोस.

सुचित्रा : ठेवला?

उर्मिला : ठेवला. एकतिसाव्या मजल्यावरून यायचं म्हणजे दहा मिनिटं तरी. पाय दुखतोय तुझा?

सुचित्रा : अजून नाय. मॅडम, त्या दिवशी सेम असंच झालं होतं.

उर्मिला : सुचित्रा...

सुचित्रा : नाय, बोलू द्या. एकवीस दिवस बोलतेय, आज गाडीच बोलली. नायगावात रस्ता उजवीकडे वळतो तिथं मी व्हील फिरवलं आणि ते हातात पोकळ झालं. गाडी सरळच गेली. एक म्हणायच्या आत परत वजन आलं, वळली पण. पण तोवर बसस्टॉप गेला, कौसल्याकाकू गेली. म्हणजे पडली. मी खाली उतरून बघते तर काकूचा पाय उलटा.

उर्मिला : मीच तर बघितला तो पाय आधी. खुबा मोडला होता.

सुचित्रा : आणि आपण तिकडे कशाला गेलो होतो? तुम्ही माझ्या आईला बघायला आला होतात. तिचं प्रेशर वाढलं म्हणून. एवढ्या मोठ्या डॉक्टर, आमच्या चाळीत स्टुलावर बसून आईचा हात धरून बसलात. आख्खा मजला बघत होता. आईनं सांदण दिलं डब्यात. आणि निघालो ते पाच मिनिटांत काकूला उडवलं. आमच्याच मजल्यावर राहते, दोन दारं सोडून.

उर्मिला : चाळीत अजून कुणी बोलत नाही तुझ्याशी?

सुचित्रा : पाण्याला गेली की बायका आपापल्या बादल्या बाजूला घेतात. जागा करून देतात हो, शिव्या पण देत नाय. शिव्या दिल्या असत्या तर मी पण दिल्या असत्या. काकूच्या दारावरनं रोज यायचं-जायचं, दुसरा जिनाच नाय. ती पलंगावरनं बघत असते. दोन वर्षांनी नवीन बिल्डिंग मिळेल म्हणतात, पण तिथं पण शेजारी हेच. आई तेवढी बोलते, "चेडवा, तुझ्या हातात दोष नाय, त्या यंत्रात आसा." आईचं कोण ऐकतंय? यंत्रवाल्यांनी लिहून दिलंय ना, दोष नोंदलेला नाही.

उर्मिला : रिपोर्ट यतीनच्या वर्कशॉपमधूनच गेला.

सुचित्रा : माहितीय. पोलिसातल्या दीपिकामॅडम बोलल्या मला, "बाई, तू मोबाइलवर नव्हतीस, प्यायलेली नव्हतीस, गाडी चांगली होती. मग डुलकी लागली असेल, तेवढं कबूल कर, सोपं जाईल." सोळा वर्षं गाडी चालवतेय मी. शाळेची बस चालवली, टुरिस्ट चालवली. सकाळी साडेअकराला मला डुलकी?

उर्मिला : उकडतंय. तो कागद काढते, वारा तरी घेऊ.

सुचित्रा : जबाबाचा?

उर्मिला : तुला माहीत आहे त्यात काय आहे?

सुचित्रा : नाय. सरांनी टाइप केलाय एवढं माहितीय.

उर्मिला : वाचते. "घटनेच्या वेळी मी मागील आसनावर बसून पर्समध्ये चष्मा शोधत होते. त्यामुळे चालकाच्या हालचाली माझ्या पाहण्यात आल्या नाहीत."

सुचित्रा : चष्मा तुमच्या डोळ्यावर होता.

उर्मिला : हो.

सुचित्रा : आरशात दिसत होता मला. तुम्ही माझ्या हातांकडे बघत होतात. मी व्हील फिरवलं तेव्हा तुमचं तोंड उघडलं होतं.

उर्मिला : तुझा उजवा कोपर वर आला होता. दाराला लागला. तू पूर्ण फिरवलं होतंस. मी पाहिलं, सुचित्रा.

सुचित्रा : माहितीय.

उर्मिला : एकवीस दिवस माहीत होतं तुला? रोज सकाळी तू दार उघडून मला हात द्यायचीस, "सावकाश मॅडम" म्हणायचीस...

सुचित्रा : मग काय करणार? केस असलेल्या बाईला दुसरं कोण ठेवणार? आणि एक सांगू? सोडून गेली असती तर तुम्ही विसरला असतात. इथं होती तोवर रोज आरशात तुम्ही मला दिसत होतात, मी तुम्हाला. म्हटलं एक ना एक दिवस बोलतील. डॉक्टर आहेत.

उर्मिला : डॉक्टर आहे. त्याआधी आई झाले.

सुचित्रा : मी पण कोणाचीतरी मुलगी आहे ना.

उर्मिला : ऐक. मी काही सफाई देत नाही. फक्त सांगते. श्यामकांत गेले तेव्हा यतीन कॉलेजात होता. वडिलांसारखं बँकेत जाणार नाही, गाड्यांमध्येच काम करणार, हे एकच धरून बसला होता. ह्याच गाडीच्या शोरूममध्ये सर्व्हिस हेड झाला त्या दिवशी आमची गिरगावातली जुनी जागा दाखवायला घेऊन गेला मला, म्हणाला आई, इथे गॅलरीत उभा राहून मी गाड्या मोजायचो. आणि त्या संध्याकाळी, नायगावहून मी घरी आले आणि काही बोलायच्या आत तो म्हणाला, "तू काही बघितलं नाहीस ना?" प्रश्न नव्हता तो. मी नाही म्हटलं. मग पोलिसांनी विचारलं, तेव्हा नाहीच म्हणावं लागलं. एकदा नाही म्हटलं की ते जिन्यासारखं असतं बघ. उतरतच जायचं.

सुचित्रा : पिवळा दिवा लागला होता तो फोटो मी तुम्हाला पाठवला होता. काकूला लागलं त्याच्या आठ दिवस आधी.

उर्मिला : मी यतीनला दाखवला. त्याने दोन मिनिटांत दिवा घालवला. म्हणाला, सेन्सर उगीच ओरडतो.

सुचित्रा : मॅडम, आता पाय थरथरायला लागलाय.

उर्मिला : दुसरा पाय ठेव वर. दोन्ही ठेव. श्वास घे. माझ्याकडे बघ आरशात.

सुचित्रा : बघतेय. तुम्हाला घाम फुटलाय.

उर्मिला : उकाड्याचा आहे. छातीत काही नाही. माझं मी बघते.

(रॅम्पवर बुटांचा आवाज. यतीन, उर्मिलाबाईंचा मुलगा, एका हातात लॅपटॉप आणि दुसऱ्या हातात काळी पेटी घेऊन धापा टाकत येतो. त्याच्या मागे आलेला वॉचमन चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवतो आणि वरच्या गाड्या थांबवायला परत जातो. फटीत माणूस मावत नाही, म्हणून यतीन मागून टपावर चढतो आणि पालथा होऊन दाराच्या चार बोटं उघड्या जागेपाशी वाकतो.)

यतीन : आई, ठीक आहेस? पाणी घे. बाटली आडवी कर, येईल आत. सुचित्रा, ठोकळे लागलेत. पाय काढ हळू.

सुचित्रा : काढला. नाय हलली. देवा म्हाराजा. पायच नाय मला असं वाटतंय.

यतीन : चोळ जरा. आता ऐक, ही वायर घे आत. डॅशबोर्डच्या खाली, तुझ्या गुडघ्यापाशी एक सॉकेट आहे, त्यात लाव. ह्या पेटीतून मी करंट देतो, लॅपटॉपवरून सिस्टीम रीसेट करतो. स्टिअरिंग परत येईल. मग दहा फूट मागे घे, दारं उघडतील. पाच मिनिटांचं काम.

सुचित्रा : हे सॉकेट?

यतीन : हां, तेच.

उर्मिला : सुचित्रा, लावू नकोस.

यतीन : आई?

उर्मिला : रीसेट केल्यावर आज इथे जे झालं त्याची नोंद गाडीत राहील?

यतीन : आई, तुला बाहेर काढणं इम्पॉर्टंट आहे की—

उर्मिला : मी विचारलं, राहील का?

यतीन : फॉल्ट मेमरी क्लिअर होते. ते स्टँडर्ड आहे.

उर्मिला : वायर मांडीवर ठेव, सुचित्रा. यतीन, त्या दिवशीच्या नोंदीत काय होतं?

यतीन : फॉल्ट रेकॉर्ड झालेला नाही. रिपोर्टमध्ये लिहिलंय.

उर्मिला : काय नव्हतं ते नको सांगूस. काय होतं?

यतीन : सगळं होतं. स्पीड तीस, ब्रेक, स्टिअरिंगचा अँगल...

उर्मिला : सगळं? सुरुवातीपासून शेवटपर्यंत?

यतीन : मधे एक गॅप होता. छोटा.

उर्मिला : केवढा?

यतीन : अर्धा सेकंद. जरा कमीच.

सुचित्रा : गॅप म्हणजे?

यतीन : म्हणजे... तेवढ्या वेळात काही लिहिलं गेलं नाही.

सुचित्रा : म्हणजे दोष नोंदलेला नाही, असं नव्हतं. काहीच नोंदलेलं नव्हतं!

यतीन : टेक्निकली दोन्ही वाक्यं खरी आहेत.

उर्मिला : यतीन, मी तीस वर्षं परळला ऑपरेशन थिएटरमध्ये भूल दिली. टेबलावर पेशंट, समोर मॉनिटर. नाडीचा कागद मधेच कोरा आला तर त्यावर 'नॉर्मल' लिहायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. कोरं म्हणजे ठीक नव्हे. कोरं म्हणजे तेवढा वेळ आपल्याला माहीत नाही पेशंट जिवंत होता का.

यतीन : तुला वाटतं मला हे कळत नाही?

उर्मिला : मग सांग. आम्हा दोघींना कळेल असं सांग. तेवढा हक्क आहे आमचा. आम्ही आत आहोत.

यतीन : ...ह्या गाडीत स्टिअरिंगपासून चाकांपर्यंत दांडा नाही. तुझा हात किती फिरला ते सेन्सर वाचतो, कॉम्प्युटर खाली मोटरला सांगतो, मोटर चाकं वळवते. हाताला वजन लागतं तेही दुसरी एक मोटर मुद्दाम देते, नाहीतर चालवणाऱ्याला कळणारच नाही.

सुचित्रा : ते शिकवलं होतं डिलिव्हरीला. वजन पण खोटं.

यतीन : खोटं नाही, बनवलेलं. आणि सिस्टीम वाईट नाही, सुचित्रा. आवडायची ना तुला? अर्ध्या वळणात यू-टर्न व्हायचा.

सुचित्रा : आवडायची. पहिला महिना मी चाळीत सगळ्यांना सांगत फिरत होती. 

यतीन : खाली मोटर दोन, कॉम्प्युटर दोन, करंटचे रस्ते दोन. एक मोठ्या बॅटरीकडून, एक छोट्या बॅकअप बॅटरीकडून. एक अडखळला तर दुसरा धरतो, ड्रायव्हरला कळतसुद्धा नाही. पण बॅकअपच कमजोर निघाला, आणि पहिला नेमका तेव्हा अडखळला, तर चाकं ऐकत नाहीत. तेवढ्या वेळात रेकॉर्डरलाही करंट नसतो. तीसच्या स्पीडला अर्ध्या सेकंदात गाडी चार मीटर जाते.

सुचित्रा : चार मीटरवर काकू होती.

यतीन : बॅकअपचा एक लॉट खराब आलाय. मी हेड ऑफिसला दोनदा लिहिलं. पहिल्यांदा नायगावच्या आधी, पिवळे दिवे यायला लागले तेव्हा. म्हणाले, तपास चालू आहे, तोवर दिवे साफ करा, ग्राहकांना काही बोलू नका. दुसऱ्यांदा नंतर लिहिलं. उत्तर आलं, शब्द जपून वापरा. मी काय करणार होतो?

उर्मिला : आणि तरी मला ह्या गाडीत बसू दिलंस?

यतीन : नाही! आई, तसं नाही. तुझ्या गाडीचा बंपर दुरुस्तीला आला तेव्हा मी स्वतः बॅकअप बदलला. नवा घातला. काल रात्री नंबर तपासला, तोही त्याच लॉटचा निघाला. आज चौकीवरून परस्पर गाडी वर्कशॉपला नेणार होतो.

सुचित्रा : तुम्ही बदलला?

यतीन : हो.

सुचित्रा : माझ्यावर केस लागलेली असताना. मी चौकीत बाकड्यावर बसून दिवसभर एकच गोष्ट सांगत असताना. तुम्ही वर्कशॉपमध्ये ती बॅटरी काढून नवीन घातलीत?

यतीन : सुचित्रा...

सुचित्रा : मग गाडी तपासायला आले त्यांनी नवीनच बघितली. मला वाटायला लागलं होतं सर, की खरंच माझा डोळा लागला असेल. अंथरुणात हात असे वर करून बघायची मी, खरंच फिरवलं होतं का. आईला बोलली, आये, मी झोपली असेन गो. माझे स्वतःचे हात मला खोटे वाटायला लागले होते!

उर्मिला : जुनी बॅटरी कुठे आहे, यतीन?

यतीन : माझ्या केबिनमध्ये. कपाटात.

उर्मिला : टाकली नाहीस?

यतीन : भंगारात द्यायला दोनदा काढली. नाही दिली.

उर्मिला : का?

यतीन : माहीत नाही. नंबर आहे तिच्यावर. तारीख आहे. नाही देववली.

उर्मिला : बरं झालं. सुचित्रा, फोन लाव दीपिकाबाईंना. तुझ्याकडे आहे ना नंबर? दे इकडे.

यतीन : आई, एक मिनिट. आधी बाहेर ये, मग शांतपणे बोलू. तू एकाहत्तर वर्षांची आहेस, आत एसी नाही.

उर्मिला : बाहेर आले की तू माझा मुलगा होशील आणि मी तुझं ऐकेन. मला ठाऊक आहे माझं. इथेच बरी आहे. हॅलो? मी डॉक्टर उर्मिला तळपदे. हो, अकराला येणार होते. येऊ शकत नाही, तुम्हालाच यावं लागेल. लालबाग, आमच्याच बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. गाडीचं स्टिअरिंग आत्ता बंद पडलंय, चाकं डावीकडे आहेत आणि स्टिअरिंग उजवीकडे, तुम्ही डोळ्यांनी बघेपर्यंत कुणी हात लावणार नाही. नाही, जखमी कुणी नाही. आणि माझा जबाब बदललाय. त्या दिवशी चष्मा माझ्या डोळ्यावर होता. हो, मी सगळं पाहिलं होतं. आधी का नाही सांगितलं तेही लिहून घ्या. बाहेरचा तपासनीस आणता येईल का, कंपनीचा नको. अर्धा तास? चालेल. आम्ही कुठे जात नाही.

सुचित्रा : येतात?

उर्मिला : येतात. तू जा मागून चढून, मोकळी हो. पाय मोकळा कर.

सुचित्रा : आणि तुम्ही?

उर्मिला : मी बसते. कुणी परत गाडीशी खेळू नये म्हणून.

सुचित्रा : मग मी पण बसते. माझी गाडी आहे. म्हणजे चालवायला.

यतीन : मी नाही हात लावणार, आई. एवढा तरी विश्वास ठेव.

उर्मिला : ठेवायचा आहे. अजून किती गाड्यांत तो लॉट आहे?

यतीन : आमच्या शोरूममधून अकरा. ही धरून.

उर्मिला : दहा कुठे आहेत?

यतीन : कुठे म्हणजे... रस्त्यावर. सोमवार आहे.

उर्मिला : त्यांना माहीत आहे?

यतीन : नाही.

उर्मिला : नंबर आहेत तुझ्याकडे?

यतीन : आहेत. पण आई, मी एक जरी फोन केला ना, हेड ऑफिसला तासाभरात कळेल. नोकरी जाईल. नुसती जाणार नाही, वर लीगल लावतील. सगळं खापर माझ्यावर येईल, की रिपोर्टवर तूच सही केलीस, बॅटरी तूच बदललीस. आणि खरंय ते. मी दोन्हीकडून अडकलोय.

उर्मिला : हो. अडकलायस.

यतीन : तू काही म्हणणार नाहीस?

उर्मिला : काय म्हणू? लहान असतास तर खोटं बोलले असते, की काही होणार नाही म्हणून.

सुचित्रा : सर, मला तुमच्यावर राग आहे. खूप आहे, तो जाईल असं नाय वाटत. पण ते नंतर. मागल्या ग्राहक मेळाव्याला त्या शोरूममध्ये आम्हा ड्रायव्हर लोकांना बसवलं होतं ना वेगळं, चहाला? तिथले सगळे ओळखते मी. त्यातला एक पण डुलकी घेणारा नाय. त्यांना पण मग हेच बोलणार सगळे. त्यांचे पण हात खोटे ठरणार.

यतीन : माहीत आहे.

सुचित्रा : मग लावा ना.

यतीन : ...हॅलो? कादंबरीमॅडम? मी यतीन तळपदे, सर्व्हिसमधून. तुमची गाडी आत्ता कुठे आहे? घरी? फार छान. आज बाहेर काढू नका. उद्याही नको. नाही, सॉफ्टवेअर अपडेट नाही. स्टिअरिंग बंद पडू शकतं. हो, चालू गाडीत. मी जबाबदारीने सांगतोय. लेखी पण पाठवतो, आत्ताच.

उर्मिला : पाणी पी घोटभर. पुढचा लाव.

यतीन : हॅलो, सिद्धांतसर? गाडीत आहात? तुम्ही चालवताय का? ड्रायव्हर चालवतोय? ओके, त्याला म्हणा हळू करा, डाव्या बाजूला घ्या, थांबा. आत्ता. थांबलात? कुठे? करी रोडचा पूल उतरलात, बरं. आता त्याला उतरू द्या. गाडी तिथेच राहू दे, मी टोइंगची गाडी पाठवतो. त्याची काही चूक नाही, सर, त्याला ओरडू नका. गाडीची आहे.

सुचित्रा : दोन झाले.

यतीन : आठ राहिले. पुढचे धैर्यवान. यशोधन धैर्यवान. गिरगावात राहतात, ड्रायव्हर नाही ठेवलेला, स्वतः चालवतात... रिंग जातेय.

उर्मिला : उचलत नाहीत?

यतीन : नाही. संपूर्ण रिंग गेली. नाही उचलला.

उर्मिला : चालवत असतील.

सुचित्रा : परत लावा, सर.